बारावीचं जीवशास्त्र : पोरं एकत्र बसतील, पण बसायला जागा कोण देणार?

उंब्रज परिसरात थंडीच्या दिवसांत दोन गडबडी एकदमच सुरू होतात. एक ऊसतोडीची आणि दुसरी बारावीच्या परीक्षेची. उसाला तोड आली की घरातल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. टोळीच्या मागं फिरायचं, वाडं गोळा करायचं, ट्रॉली रानातून बाहेर काढायची, लगोलग खोडव्याला पाणी सोडायचं. शाळूही त्याच सुमारास काढणीकडं झुकलेला असतो. आणि त्याच घरात एखादी पोरगी नाहीतर पोरगा जीवशास्त्राचं जाडजूड पुस्तक उघडून बसलेला असतो. बापाला वाटतं, पोरगं तासभर मदतीला आलं तर काय बिघडलं? पोराला वाटतं, एक धडा मागं पडला तर पुढचं सगळंच बिघडलं. दोघांचंही खरं असतं.

त्यात परीक्षा आता अलीकडं आली आहे. २०२४ साली बारावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली होती. २०२५ साली ती ११ फेब्रुवारीलाच सुरू झाली. प्रात्यक्षिकं त्याच्याही आधी. म्हणजे पौषातली पालच्या खंडोबाची यात्रा उरकून पोरं भानावर येतात, तोवर हातात थोडकेच दिवस उरलेले असतात. पूर्वी यात्रा झाल्यावर अभ्यासाला लागणारा विद्यार्थीसुद्धा निभावून जायचा. आता तसं होत नाही.

अशा वेळी गावातली पोरं काय करतात? तीन-चार जणं एकत्र येऊन कुणाच्या तरी माडीवर, सोप्यात, नाहीतर देवळाच्या मंडपात उजळणीला बसतात. घरच्यांना याचा भरवसा नसतो. ‘अभ्यासाच्या नावाखाली गप्पा हाणत्यात’ असं आपण सर्रास म्हणतो, आणि काही वेळा ते खरंही असतं. पण नीट बसवली तर ही एकत्र उजळणी एकट्यानं केलेल्या वाचनापेक्षा जास्त उपयोगी पडते. जीवशास्त्रासारख्या विषयाला तर नक्कीच. ती कशी बसवायची, आणि त्यासाठी आईबापांनी व गावकारभाऱ्यांनी काय करायचं, हे सांगण्यासाठी हा लेख.

भाषेचा बांध

आपल्याकडच्या बहुतेक पोरांचं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठीत होतं. सेमी-इंग्रजीची पोरं थोडी सरावलेली असतात, बाकीच्यांना अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तक हातात पडतं. दहावीपर्यंत ज्याला ‘बाष्पोच्छ्वास’ म्हटलं, ते आता ‘ट्रान्स्पिरेशन’ झालं. ‘परासरण’ होतं त्याचं ‘ऑस्मॉसिस’ झालं, ‘पर्णरंध्रां’चं ‘स्टोमॅटा’ आणि ‘भ्रूणपोषा’चं ‘एंडोस्पर्म’. गोष्ट तीच, नाव नवं. पण हे सांगायला कुणी नसलं की पोराला वाटतं, आपल्याला काहीच येत नाही.

भौतिकशास्त्रात निदान आकडे आणि सूत्रं तरी सगळ्या भाषांत सारखीच दिसतात. जीवशास्त्रात पानंच्या पानं मजकूर आणि ओळीओळीला नवा शब्द. मग हुशार पोरसुद्धा अर्थ न कळता पाठ करत सुटतं. पाठ केलेलं परीक्षेपर्यंत टिकत नाही, आणि प्रश्न जरा फिरवून आला की सगळंच अडतं. काही पोरं तर अकरावीतच हाय खाऊन शास्त्र शाखा सोडतात. आईबाप म्हणतात, पोराचं डोकं चालत नाही. खरं तर डोकं चालत असतं, फक्त शब्दाच्या बांधाला येऊन अडलेलं असतं.

या बांधावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे शेजारी बसलेला सोबती. एकाला एक शब्द कळलेला असतो, दुसरीला दुसरा. प्रत्येकानं आधी आपल्या बोलीत सांगायचं, मग मराठी पारिभाषिक शब्द घ्यायचा आणि शेवटी इंग्रजी वाक्य लिहायचं. या तीन पायऱ्या एकट्यानं चढायचा कंटाळा येतो. चौघांत त्या आपोआप चढल्या जातात, कारण समोरच्याला कळेल असं बोलावंच लागतं.

वाचणं वेगळं आणि आठवणं वेगळं

आपल्याकडं अभ्यास म्हणजे पुस्तक पुढं धरून वाचणं. जितकी पारायणं जास्त तितका अभ्यास पक्का, अशी समजूत. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोन शास्त्रज्ञांनी याची परीक्षा घेतली आणि २००६ साली तिचे निष्कर्ष छापले. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा एकदा वाचला. बाकीच्यांनी पुस्तक मिटून जेवढं आठवेल तेवढं कागदावर लिहून काढलं.

पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढं होते. त्यांना १०० पैकी ८१ भाग आठवला, लिहून काढणाऱ्यांना ७५. पण आठवड्यानंतर विचारलं तेव्हा उलटं झालं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ भाग आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६. म्हणजे वाचून लगेच वाटणारी ‘आलं, आलं’ ही भावना फसवी असते. परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते.

हे आपल्याला नवं नाही. कीर्तनकार किंवा भजनी मंडळातला म्हातारा वही न बघता शेकडो अभंग म्हणतो, ते नुसतं वाचून आलेलं नसतं. चारचौघांत पुन्हा पुन्हा म्हणून आलेलं असतं, आणि चुकलं तर शेजारचा टाळकरी सावरून घेतो. एकत्र उजळणीचा अर्थही एवढाच. पुस्तक मिटायचं, एकानं विचारायचं, दुसऱ्यानं आठवून सांगायचं, तिसऱ्यानं चूक धरायची. चौघं जण चार पुस्तकं उघडून गप्प बसले तर ती उजळणी झाली नाही, ती फक्त सोबत झाली.

शेतातलं जीवशास्त्र

बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात १५ धडे आहेत. वनस्पतींचं प्रजनन, आनुवंशिकता, पाणी आणि वनस्पती, वनस्पतींची वाढ व खनिज पोषण, मानवी आरोग्य, अन्नोत्पादन वाढ, परिसंस्था, जैवविविधता असे. यादीवरून नजर फिरवली तर शेतकऱ्याच्या लक्षात येईल की यातलं निम्मंअधिक आपल्या रानात रोज घडतं. शहरातल्या पोराला जे चित्रात बघावं लागतं, ते आपल्या पोराच्या पायाखाली असतं. फक्त त्याची पुस्तकातल्या शब्दाशी गाठ कुणी मारून दिलेली नसते. उजळणीला बसलेल्या पोरांनी एकमेकांना नेमकं हेच विचारावं. थोडे नमुने देतो.

वाफसा म्हणजे काय? रानाला पाणी दिल्यावर जादा पाणी खाली निचरून जातं, काही मातीच्या बारीक पोकळ्यांत धरून राहतं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत हवा शिरते. हा वाफसा. पुस्तकात निचरून जाणाऱ्या पाण्याला ‘ग्रॅव्हिटेशनल वॉटर’ म्हटलं आहे आणि मुळांना मिळणाऱ्या, धरून राहिलेल्या पाण्याला ‘कॅपिलरी वॉटर’. ज्यानं वाफशाची वाट बघितली आहे त्याला हा फरक घोकावा लागत नाही.

युरियाची मूठ रोपाच्या बुडाला जादा पडली की रोप करपतं. का? बाहेरचं द्रावण दाट झालं की मुळांच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. हेच परासरण. कृष्णाकाठच्या क्षारपड रानात ओल असूनही पीक सुकतं, त्याचं कारणही हेच. पाणी आहे, पण मुळाला ते घेता येत नाही.

उसाला किंवा भुईमुगाला केवडा पडतो. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की जाणता शेतकरी लोह कमी पडल्याचं ओळखतो. पुस्तकात याला ‘क्लोरोसिस’ म्हणतात. आता पुढचा प्रश्न विचारा : लोह कमी पडलं की कोवळी पानं आधी पिवळी पडतात, आणि नत्र कमी पडलं की जुनी पानं आधी, असं का? कारण नत्र झाडाच्या अंगात एका जागेवरून दुसरीकडं हलतं. टंचाई आली की झाड जुन्या पानातलं नत्र नव्या पानाला देतं. लोह असं हलत नाही. एवढं उत्तर इंग्रजीत चार ओळींत लिहिता आलं की ते परीक्षेतलं उत्तर झालं.

मक्याचं कणीस घ्या. कणसाचा एकेक केस एकेका दाण्याचा असतो. तुऱ्यातला परागकण त्या केसावर पडून फलन झालं तरच तो दाणा भरतो. अर्धवट भरलेलं कणीस हातात घेऊन परागणाचा धडा सांगा, पुन्हा विसरणार नाही. दुहेरी फलन हा या पुस्तकातला हमखास अवघड वाटणारा भाग. एका नरयुग्मकाचा अंड्याशी संयोग होऊन भ्रूण तयार होतो, दुसऱ्याचा मधल्या दोन केंद्रकांशी संयोग होऊन भ्रूणपोष. शाळूचा दाणा दळून जे पीठ होतं, त्यातला मोठा भाग या भ्रूणपोषाचाच. भाकरी खाताना हे आठवलं म्हणजे धडा पदरात पडला.

ऊस आपण दोन डोळ्यांची टिपरी लावून वाढवतो, हळद कंद लावून. हे शाकीय प्रजनन. पण नवी जात काढायची तर तुऱ्यातून संकर करावा लागतो. को-८६०३२ या जातीतलं ‘को’ म्हणजे कोइमतूर. तिथली ऊस पैदास संस्था १९१२ साली सुरू झाली. आपल्या सातारा जिल्ह्यातलं पाडेगावचं ऊस संशोधन केंद्रही हेच काम करतं, तिथून आलेली फुले २६५ ही जात अनेकांच्या रानात आहे. जाड, गोड ऊस आणि चिवट रानटी ऊस यांचा संकर का केला, हा अन्नोत्पादनाच्या धड्यातला प्रश्न आहे.

आनुवंशिकतेचा धडा तर स्वयंपाकघरातल्या कडधान्यावर सोडवता येतो. दोन वाट्या घ्या. प्रत्येक वाटीत पांढरे आणि काळे दाणे सारख्या संख्येनं मिसळा. न बघता एका वाटीतला एक आणि दुसरीतला एक असा जोड काढा, रंग लिहा आणि दाणे परत टाका. असे ४० जोड काढले तर सुमारे १० जोड दोन्ही पांढरे निघतात. बाकीच्या सुमारे ३० जोडांत निदान एक दाणा काळा असतो. मेंडेलनं वाटाण्यात बघितलेलं ३ ला १ हे प्रमाण पोरांच्या डोळ्यांसमोर उभं राहतं. याला खर्च शून्य.

जैवविविधतेच्या धड्यासाठी तर आपल्यासारखा नशीबवान जिल्हा विरळा. कास पठार आणि कोयना अभयारण्य हे २०१२ साली जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटाच्या यादीत आहेत. कोयना आणि चांदोली मिळून झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० सालचा. पुस्तकात अधिवासातच संवर्धन करण्याचं उदाहरण मागितलं, तर आपल्या पोरांनी दूरच्या राज्यातलं नाव शोधत बसायचं कारण नाही.

लाजेमुळं सुटणारे धडे

एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. प्राण्यांच्या आणि माणसाच्या प्रजननाचा धडा आला की वर्गात खाली माना जातात. काही ठिकाणी ‘घरी वाचा’ म्हणून पुढं जातात. घरी आईबापांशी बोलायची सोय नाही. मग तो धडा अर्धवट राहतो आणि मार्क जातात ते जातातच. शिवाय आयुष्यभर लागणारी माहिती भलत्याच ठिकाणाहून, चुकीची मिळते.

शेतकऱ्याच्या घरात गाय माजावर आली, रेतन केलं, गाभण राहिली, हे शब्द जेवताना बोलले जातात. त्यात कुणाला संकोच वाटत नाही. गाईचं माजाचं चक्र साधारण २१ दिवसांचं आणि गाभणकाळ नऊ महिन्यांच्या थोडा वर, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. माणसाच्या शरीराचं शास्त्र त्याच ओळीतलं आहे. स्त्रीचं मासिक चक्र पुस्तकात २८ दिवसांचं धरून शिकवलं आहे आणि त्यामागच्या संप्रेरकांचा आलेख काढायला येतो.

मुलींनी हा धडा आपल्या मैत्रिणींत बसून केला तर मोकळेपणानं होतो. गावातल्या आरोग्य सेविकेनं एखादी दुपार दिली तर आणखी चांगला. मुलग्यांनाही हा धडा सांगणारा कुणी जाणता माणूस हवा. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जनावरापासून सुरुवात करून हा विषय समजावला तर पोरं टिंगल न करता ऐकतात.

उजळणीची मंडळी कशी बसवावी

बारावीचा जीवशास्त्राचा लेखी पेपर ७० गुणांचा, वेळ तीन तास. प्रात्यक्षिकाचे ३० गुण वेगळे. अलीकडच्या वर्षांतली रचना अशी आहे : बहुपर्यायी १० प्रश्नांचे १० गुण आणि एका गुणाचे ८ प्रश्न, त्यांचे ८. दोन गुणांचे १२ पैकी ८ प्रश्न, त्यांचे १६. तीन गुणांचे १२ पैकी ८, त्यांचे २४. चार गुणांचे ५ पैकी ३, त्यांचे १२. बेरीज करून बघा. दोन आणि तीन गुणांच्या छोट्या प्रश्नांनाच ७० पैकी ४० गुण आहेत. हे प्रश्न तोंडी विचारून तीन-चार मिनिटांत उत्तर घेता येण्यासारखे. म्हणजे एकत्र उजळणीला अगदी सोयीचे.

मंडळी तीन ते पाच जणांची असावी. दोघांत चूक धरायला तिसरा नसतो, आणि पाचाच्या वर गेलं की कुणीतरी गप्प बसून राहतं. सगळी हुशार पोरं एका बाजूला आणि कच्ची दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी करू नये. कच्च्याला समजावताना हुशाराचंच पक्कं होतं, यात त्याचं नुकसान काही नाही.

प्रत्येकानं घरून धडा वाचून यायचं आणि पाच प्रश्न लिहून आणायचे. जो वाचून येणार नाही त्यानं त्या दिवशी फक्त ऐकायचं, असा नियम ठेवला की दोन दिवसांत सगळे वाचून यायला लागतात. पहिली ४५ मिनिटं पुस्तक मिटून प्रश्न-उत्तरं. मग १५ मिनिटं आकृत्या. हृदय, मेंदू, परागकोश, बीजांड अशा आकृत्या न बघता काढायच्या, नावं लिहायची आणि वह्यांची अदलाबदल करून तपासायच्या. शेवटी अर्धा तास लेखी : एक तीन गुणांचा आणि एक चार गुणांचा प्रश्न, घड्याळ लावून, इंग्रजीत. शब्दाचं स्पेलिंग चुकलं तर तिथंच दुरुस्त. सगळं मिळून दीड तास.

एका धड्याला तीन दिवस धरले तर १५ धड्यांना ४५ दिवस लागतात. डिसेंबरच्या मध्याला सुरुवात केली तर जानेवारीअखेर एक फेरी पुरी होते. मात्र मागचं सोडून पुढं पळू नये. पाचवा धडा चालू असताना पहिल्या धड्यातले चार प्रश्न रोज विचारावेत. पिकाला सगळं पाणी एकदाच देऊन भागत नाही, पाळीनं द्यावं लागतं. उजळणीचंही तेच आहे.

मोबाईल एका पिशवीत घालून बाजूला ठेवावा. अडलेल्या शंकांची यादी करावी आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात सरांना विचारावी. चौघांनी चार वेळा विचारण्यापेक्षा एकानं यादी घेऊन जावी, म्हणजे सरांचाही वेळ वाचतो.

डॉक्टरकीच्या वाटेवर असलेल्या पोरांसाठी एक गोष्ट. नीट परीक्षेत १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे असतात. बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकलं तर १ गुण वजा. ती परीक्षा मराठीतूनही देता येते. कुठल्या भाषेत द्यायची हे अर्ज भरतानाच ठरवावं लागतं, त्यामुळं आधीच विचार करावा. एकमेकांना विचारून झालेली तयारी तिथंही कामाला येते, कारण नुसत्या अंदाजानं खुणा केल्या तर गुण कापले जातात.

शेजारच्या गावानं केलं ते

‘हे सगळं पोरांनी करायचं, गावाचा काय संबंध?’ असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर आपल्या कराड तालुक्याला लागून असलेल्या कडेगाव तालुक्यात आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं ऑगस्ट २०२२ मध्ये एक ठराव केला. रोज संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा आणि गावातले टीव्ही, मोबाईल बंद व्हायचे. ८.३० वाजता दुसरा भोंगा. मधला दीड तास पोरांच्या अभ्यासाचा. कोरोनाच्या काळात पोरांच्या हातात आलेला मोबाईल सुटत नव्हता, म्हणून सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी ही वाट काढली.

सुरुवातीला लोक बिचकले. मग आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन समजावू लागले. या उपक्रमाला ना मोठा निधी लागला, ना इमारत. लागला तो ठराव आणि पाठपुरावा. पोराला ‘अभ्यास कर’ म्हणायचं आणि शेजारच्या खोलीत मालिका मोठ्यानं लावायची, हे बंद झालं, एवढाच त्यातला मुद्दा.

आणि आपल्या भागाला ही गोष्ट परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली ती याच कराड तालुक्यातल्या काले गावी, १९१९ साली. पुढं साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातिधर्मांची पोरं एकत्र राहिली, एकत्र रांधून जेवली, एकत्र अभ्यासाला बसली. गरिबाच्या पोराला शिकवणी परवडत नव्हती, पण सोबत्याची संगत मिळत होती. तिच्या जोरावर कितीतरी पोरं शिकून पुढं गेली.

गावकारभाऱ्यांनी काय करावं

पहिली गोष्ट जागेची. समाजमंदिर, विकास सोसायटीचं सभागृह, शाळेची एखादी खोली, ग्रामपंचायतीचा हॉल, यातली एखादी जागा संध्याकाळी बहुतेक गावांत कुलूपबंद असते. किल्ली कुणाकडं आणि जबाबदारी कुणाची, एवढं ठरलं की जागा उघडते. नवी इमारत मंजूर होण्याची वाट बघत बसू नये. महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलार गावानं २०१७ साली ‘पुस्तकांचं गाव’ होताना लोकांच्या राहत्या घरांतच पुस्तकं ठेवली आणि वाचकांना आत घेतलं. मनात आलं तर एखादी ओसरीसुद्धा अभ्यासिका होते.

दुसरी गोष्ट उजेडाची. दोन चांगले दिवे आणि वीज गेली तर चालणारी एक बॅटरी. सोबत एक फळा आणि खडू. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात शिक्षणाच्या बाबी घेता येतात. ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंचांनी ग्रामसभेत विषय घेऊन हे बसवावं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला तर डिसेंबरात पोरं बसू शकतात. २६ जानेवारीपर्यंत थांबलं तर त्या वर्षीची पोरं परीक्षेला निघून गेलेली असतील.

तिसरी गोष्ट मुलींची. मुलगी दिवसभर कराडला एस.टी.नं जाऊन येते. संध्याकाळी पुन्हा बाहेर पाठवायला घरचे धजत नाहीत, आणि त्यांची काळजी चुकीची नाही. पण म्हणून मुलींनी एकटीनं कोपऱ्यात बसून अभ्यास करावा, हाही न्याय नव्हे. मुलींची मंडळी वस्तीतल्याच एखाद्या घरी, दिवस मावळायच्या आत बसवावी. रोज एका आईनं लक्ष ठेवावं, पाळी लावून घ्यावी. बचत गटाच्या महिलांनी मनावर घेतलं तर हे सहज जमण्यासारखं आहे. चाफळ-चरेगावाकडच्या वाड्यावस्त्यांवर तर हीच पद्धत सोयीची, कारण तिथून रोज उंब्रजला येणं मुलींना जमणारं नाही.

चौथी गोष्ट जाणत्या माणसांची. कृषी खात्याच्या गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यानं खनिज पोषणाचा एक तास घ्यावा. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी प्रजननाचा, आरोग्य सेविकेनं हिवताप, विषमज्वर आणि लसीकरणाचा. गावात कुणी निवृत्त शिक्षक असतील तर त्यांनी आठवड्यातून एकदा येऊन उत्तरं तपासावीत. शेतकऱ्यांनीही आपल्या रानात पोरांना एक दिवस बोलवावं. सोयाबीनच्या किंवा हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी उपटून दाखवल्या की रायझोबियम जिवाणू पुस्तकातून बाहेर येतो. हरभरा तर परीक्षेच्या दिवसांत रानातच उभा असतो.

आणि पाचवी गोष्ट प्रत्येक घराची. डिसेंबर ते फेब्रुवारी रोजचा दीड तास पोराच्या नावानं सोडून द्यावा. त्या वेळात धार काढायला, वैरण आणायला, पाण्याची बारी धरायला हाक मारू नये. बाकीच्या वेळात त्यानं काम करावं, त्याला ना नाही. पण हा दीड तास ठरलेला असावा. आज मिळाला आणि उद्या नाही, असं झालं की मंडळी फुटते. चौघांतला एक गळाला की दुसऱ्या दिवशी दुसरा गळतो.

क्लासला पैसे घालणारा शेतकरी काही चूक करतो असं नाही. ज्याला झेपतं त्यानं घालावेत. पण कराड-सातारा सोडून कोल्हापूर-लातूरपर्यंत पोरं पाठवणं सगळ्यांना परवडत नाही. आणि क्लासहून आलेल्या पोरालाही घरी पुस्तक मिटून आठवायला बसावंच लागतं. ते काम पैसे देऊन दुसऱ्याकडून होत नाही.

या पोरांतली सगळीच डॉक्टर होणार नाहीत. कुणी कृषी पदवीला जाईल, कुणी नर्सिंगला, कुणी प्रयोगशाळेत काम करेल आणि कुणी परत रानात येईल. रानात परत आलेल्यालाही केवडा कशानं पडला आणि क्षारपड रानात पीक का सुकतं, हे कळलेलं बरं. म्हणून येत्या ग्रामसभेत रस्ता, गटार आणि पाणीपट्टीच्या बरोबरीनं आणखी एक विषय घ्या. बारावीच्या पोरांना बसायला कुठली खोली द्यायची आणि तिची किल्ली कुणाकडं राहायची, एवढं त्या दिवशी ठरवूनच उठा.